गोधडीतलं इंजिन

चोपड्याजवळ माझ्या चुलत्यांचं, नानांचं, केळीचं शेत होतं. ऐंशीच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात विहिरीवर डिझेल इंजिन चाले. त्याला गार ठेवणारं पाणी गरम होऊन बारीक नळीतून बाहेर पडे आणि पहाटेच्या धुक्यात त्याची वाफ मिसळून जाई. काकू तिथेच धुणं धूत, आम्ही तिथेच अंघोळी उरकत असू. अजूनही कधी झोप लागता लागता त्या इंजिनाची टकटक ऐकू येते.

जळगावच्या प्रदर्शनात नाना एक भाषण ऐकून आले. हार घातलेल्या वक्त्याने सांगितलं होतं की, इंजिनातली निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते आणि ती वाचवणं हे राष्ट्रकार्य आहे. मंडपामागे लाउडस्पीकरचा जनरेटर धूर ओकत होता, हेही नानांनीच सांगितलं. त्यातली गंमत मात्र त्यांना दिसली नाही.

"सगळी उष्णता वाया जाई राहिनी," ते म्हणाले. "तू धुळ्याले फिजिक्स शिकाडस ना? ती परत इंजिनमा टाकी दिधी तर?"

मी कॉलेजात नुकताच शिकवायला लागलो होतो. "तत्त्वतः शक्य आहे," मी म्हणालो. तो शब्द उच्चारताना फार बरं वाटलं.

नानांनी नळीखाली पत्र्याचा ड्रम ठेवला, त्यातलं पाणी पुन्हा इंजिनात वळवलं, आणि ऊब निसटू नये म्हणून ड्रमला घरचा कापूस लावून वर गोधडी बांधली.

"इंजिनले थंडी वाजस का?" काकूंनी विचारलं. आम्ही दोघे सुशिक्षित हसलो.

कडाक्याची थंडी होती. पहाटे विहिरीचं कोमट पाणी मिळालं नाही, तर केळीचं नवं पान खोडाच्या आतच अडकतं. निम्मं शेत भिजलं आणि इंजिन गुरगुरून जाम झालं. नाना गार पाण्याची बादली घेऊन धावले. काकूंनी त्यांचा हात धरला. "थांबा! तडकी जाई ते!"

मग इंजिन आपोआप निवण्याची वाट पाहणं आलं. वाफ विरत होती, आणि मीच फळ्यावर लिहिलेला नियम मला आठवत होता. उष्णता गरमाकडून गाराकडे जाता जाताच काम करते. घर्षण शून्य केलं तरी तिचा काही वाटा गाराच्या हवाली करावाच लागतो. तेव्हाच इंजिन पहिल्या जागी येऊन पुढचा फेरा घेतं. पाट वाहायला खाली उतार लागतो, तसंच. तो उतारच आम्ही गोधडीत बांधला होता.

दुपारी हँडल फिरलं. काकूंनी गोधडी आधीच सोडून घेतली होती. नळी पुन्हा मोकळी वाहू लागली, पण उरलेल्या सऱ्यांना पाणी पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. त्यातल्या बांधाकडच्या दोन सऱ्यांची पानं पुढे पिवळीच निघाली.

नानांनी ड्रम रिकामा करून बाजूला ठेवला. काकूंनी नळीखाली गोधडी भिजवली आणि साबण माझ्या हातात दिला.