विझलेला ठिपका

“अगं, प्रसूतिगृह विझवलंस!” मी असा ओरडलो की शेजारच्या तालुक्यातली कुत्रीसुद्धा उठून बसली असतील.

माझी बायको वसुधा वीज-अभियंता आहे. जेवणाच्या टेबलावरच्या तिच्या लॅपटॉपमध्ये आमच्या गावाची सगळी वीज ठिपक्याठिपक्यांनी उजळली होती. ते सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही फुकटात आतून-बाहेरून उघडून बघता येणारं. त्यात तिने एक मोठी वाहिनी खोटी खोटी तोडली आणि विचारलं, उरलेली वीज कुणाला देऊ? उन्हाळ्यातलं भारनियमन उद्या याच उत्तरावर ठरायचं होतं. उत्तर आलं: प्रसूतिगृह बंद, आइस्क्रीमचा कारखाना चालू.

“कुणाची वीज किती महत्त्वाची, तो आकडा मी सगळ्यांसाठी सारखाच लिहिला होता,” ती म्हणाली. “त्याला काय ठाऊक, बाळं कुठे जन्मतात?”

मी त्या विझलेल्या ठिपक्याकडे बघत राहिलो. बटण दाबलं की उजेड येतो, एवढंच आपल्याला माहीत. पण आधी कुणाला, हे कुठेतरी कुणीतरी शांतपणे लिहून ठेवलेलं असतं. इथे निदान ते उघड्यावर होतं; वाचता येत होतं, खोडताही येत होतं.

वसुधाने प्रसूतिगृहाचा आकडा वाढवला. ठिपका असा उजळला की मला आतलं बाळ रडताना स्पष्ट ऐकू आलं. तेवढ्यात कोपऱ्यातला दुसरा ठिपका विझला.

“अगं ए, ही तर आपली गल्ली!”

“आपल्याकडे मेणबत्ती आहे,” ती म्हणाली.