उपाशी ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणून बसलो, असं कितीदा झालं — आणि दर वेळी मातीवरच बोलत राहिलो. मातीवर मी कितीही बोलू शकतो. पोटापाण्याचं कामच ते: संत्रा, मोसंबी, लिंबू या झाडांचं पोषण आणि त्यांच्याखालच्या जमिनीचं आरोग्य. मेळाव्यात लोक ऐकतात, विद्यार्थी लिहून घेतात. स्वतःबद्दल मात्र दोन वाक्यं जुळत नाहीत. आजही मातीपासूनच सुरुवात करतो. चालेल ना?

संत्र्याचं मूळ तुम्ही कधी हातात घेतलंय? बहुतेक रोपांच्या मुळांना बारीक केस असतात, त्या केसांनीच मुळं मातीतलं अन्न ओढतात. संत्र्याला ते केस फार थोडे. मग एवढं झाड जगतं कशावर? उत्तर पुस्तकात होतं — मातीतल्या एका बुरशीवर. ती मुळात शिरते, बाहेर लांबवर धागे पसरवते आणि मुळाचा हात जिथे पोचत नाही तिथलं आणून देते. हे मी शिकवत होतो. शिकवणं आणि दिसणं — यात किती अंतर असतं, ते मला आसगावच्या मातीनं दाखवलं. आणि मी त्या मातीचं काय केलं, तेच सांगायचं आहे.

आसगावच्या शिवारात देवाजींची बाग होती. सगळीकडे धान. त्यात या माणसानं उंचावरच्या बरड जमिनीत संत्रा लावलेला. गाव त्यांची थट्टा सोडत नव्हतं. पारावर कोणी ना कोणी विचारायचंच — "काहून जी देवाजी, औंदा संत्र्याचा भात खाऊन राहिले का?" देवाजी हसायचे. पण बाग टिकली पाहिजे, गावाला दिसली पाहिजे, हे त्यांच्या मनात किती खोल होतं ते मला माहीत होतं. म्हणूनच तर त्यांनी आमच्या संशोधन केंद्राच्या प्रयोगाला जागा दिली.

प्रयोग साधा होता. बागेच्या ओळी वाटून घेतल्या. बाकी ओळींना खतं आणि पानांवर जस्त-लोहाच्या फवारण्या, कमीजास्त मात्रेत. बांधाकडच्या एका ओळीला काहीच नाही. ना खत, ना फवारणी, ना निंदण. फक्त इतरांइतकंच पाणी. तुलनेसाठी अशी ओळ ठेवावी लागते, आम्ही तिला 'कंट्रोल' म्हणतो. देवाजींच्या बायकोनं, कुसुमबाईंनी, तिचं नाव पहिल्याच दिवशी बदललं.

"सर, बाकी समद्यायले जेवन, अन् हे एकच ओळ उपाशी? सवतीचे लेकरं हायेत का जी हे?"

तेव्हापासून ती उपाशी ओळ. आम्हीसुद्धा तसंच म्हणू लागलो.

आमच्या वरिष्ठांचं म्हणणं ठरलेलं होतं. या हलक्या जमिनीत फवारण्यांशिवाय संत्रा तग धरणार नाही. सगळा प्रकल्प त्यावर उभा होता, आणि माझी वरच्या पदाची जागाही. पहिल्यांदा झालंही तसंच. उपाशी ओळ पिवळी पडली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग फिका. मी समाधानानं फोटो काढले. हो — समाधानानं.

मग ती हिरवी होऊ लागली.

आधी वाटलं, कुसुमबाईंनी चोरून खत घातलं असेल. विचारलं तर त्या भडकल्या. "तुमीच म्हनलं होतं ना हात लावू नोका म्हनून! मले काय पाप लावून घ्याचं हाये?" खांद्याच्या उंचीवरची पानं, झाडाच्या चारही बाजूंनी तोडून तपासली. जस्त पुरेसं. लोहही. फळं फवारलेल्या ओळींपेक्षा थोडी कमी, पण झाड भरलेलं, टवटवीत. हे येत कुठून होतं?

पालापाचोळा बाजूला करून मी तिथली बारीक मुळं उकरली. वरची माती हातात भुसभुशीत फुटली, तिला पहिल्या सरीनंतरच्या जंगलासारखा वास होता. मुळं प्रयोगशाळेत आणून क्षारात उकळली, आतली बुरशी दिसावी म्हणून निळ्या रंगात बुडवली. लाइट गेलेली होती, म्हणून जुना, आरशाचा सूक्ष्मदर्शक खिडकीत नेला आणि दुपारचा उजेड मुळं ठेवलेल्या काचेवर घेतला.

काय सांगू तुम्हाला?

मुळाच्या एकेका पेशीत एक-एक झाड उभं होतं. खरंच झाड — खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या, निळ्या, इतक्या नाजूक की श्वास रोखून पाहावं लागावं. एका पेशीत एक, शेजारच्या पेशीत दुसरं, काच सरकवावी तसतशी पुढे आणखी. संत्र्याच्या मुळाच्या आत एक रान उभं होतं. आम्ही उपाशी ठेवलेलं झाड कोणीतरी आतून, मुकाट्यानं, जेवू घालत होतं. माझे डोळे भरून आले. मी देवभोळा माणूस नाही. पण त्या खिडकीत मी हात जोडले होते, हे मला नंतर कळलं.

मग फवारलेल्या, खतावरच्या ओळींची मुळं पाहिली. जवळजवळ रिकामी. आयतं मिळत असताना झाडानं तो सोबती दारातही उभा केला नव्हता.

आता तुम्हीच म्हणाल — आयुष्यात एकदा दिसावं असं दिसलं, मग धावत जाऊन सांगायचं ना सगळ्यांना? मी काच धुऊन टाकली.

हो. धुतली. भीती वाटली — वरिष्ठांची, त्यांच्या भुवयांची, हातातून जाणाऱ्या जागेची. या कारणांनी काही हलकं होत नाही. नुसतं काय होतं ते सांगतोय. अहवालात मी लिहिलं की कंट्रोलची ओळ मूळकुजीनं गेली. पण ओळ तर उभी होती, कोणीही येऊन पाहिलं असतं. लिहिलेलं खरं करायला हवं होतं.

मी आसगावला गेलो आणि देवाजींना सांगितलं, या ओळीला रोग आहे, बाकी बागेत पसरेल. मुळासकट काढा, जाळून टाका.

कुसुमबाई एका झाडाची फांदी हातात धरून म्हणाल्या, "हिरवेगार हायेत जी. मले त काईच दिसून नाई राहिलं."

"आतून लागलाय," मी म्हणालो. आत काय होतं, ते जगात मला एकट्याला माहीत होतं.

"आतून? मंग मले कसं दिसंल."

एवढंच. त्यांनी मान्य केलं. देवाजी कुदळ आणायला गेले, तेवढ्यात कुसुमबाईंनी बादली भरली आणि एकेका बुंध्याशी पाणी ओतत गेल्या. मरायच्या झाडाला पाणी कशाला, असं देवाजींनी विचारलं.

"उपाशी ठेवलं आयुष्यभर. आता तहानेलं त नोको धाडू."

मी तिथेच उभा होतो. अजूनही बोलता आलं असतं. पहिली कुदळ पडली, मुळं वर आली — पांढरी, दाट, मातीला धरून बसलेली. झटकली तरी माती सोडेनात. तेव्हाही बोलता आलं असतं.

मला जागा मिळाली. प्रकल्प संपला, फुकटच्या फवारण्या थांबल्या, आणि उरलेल्या ओळी हळूहळू खंगल्या. तिथे आता धान आहे. मध्यंतरी आसगावजवळच्या पवनीकडे काम निघालं तेव्हा त्यांच्या घरी गेलो. देवाजी थकलेत. ओसरीवर शेजारी बसले होते, त्यांना माझी ओळख करून दिली — "ह्या सरायनं रोग बरोबर पकडला होता. नाईतर माहा बाग तवाच गेला असता." मी चहा प्यायलो. कुसुमबाईंनी निघताना पिशवीत वांगी घातली, ती घेतली.

त्या ओळीला कोणताही रोग नव्हता. त्या बागेत निरोगी अशी तेवढी एकच ओळ होती, आणि ते मला माहीत होतं.