घरच्या वाफ्यातली मेथी

शेवंताबाई मेथीची जुडी हातात देण्याआधी त्यातली दोन पानं खुडून कच्चीच चावायच्या. "माझ्या तोंडात जात न्हाय ते मी तुमच्या दारात आणत न्हाय," असं वर ऐकवायच्या. बावड्याहून त्या बाजाराच्या दिवशी बारामतीला येत. विकायची फवारलेली भाजी वेगळी, आमच्यासाठी घरच्या वाफ्यातली वेगळी. पोरांनो, मागच्या सुट्टीत आजीकडे आलात तेव्हा तुम्ही भाकरीबरोबर कच्ची खाल्लीत ती हीच मेथी. मी ती धुवायला घेतली की त्या चिडवायच्या, "बाई, पुस्तकं बी धुऊनच वाचता व्हय?"

तुम्ही परदेशी परत गेलात आणि त्यांना लघवीचा संसर्ग झाला. दोन डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, ताप हटेना. शेवटी तपासणीचा इंग्रजी कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर' छापलेले. मी सांगितलं, 'आर' म्हणजे ही अँटिबायोटिक्स तुमच्या जंतूंवर चालत नाहीत. एक इंजेक्शन तेवढं चालेल.

बोलता बोलता गाईचा विषय निघाला. तिची कास सारखी सुजायची, इंजेक्शनं चालू असायची. अँटिबायोटिक दुधात उतरतं, म्हणून तेवढे दिवस डेअरी ते घेत नाही. दूध फेकणं शेवंताबाईंच्या जिवावर यायचं, म्हणून ते त्या घरच्या वाफ्यात ओतायच्या. त्याच गाईचं शेणही तिथेच. औषधाला न जुमानणारे जंतू अशा जागी वाढतात आणि कच्च्या पाल्यावरून पोटात जातात, हे मी वाचलं होतं. ते मी बोलून गेले. तुमचा आजार वाफ्यातूनच आला असं खात्रीनं म्हणता येणार नाही, हेही सांगितलं. पण ते त्यांच्या कानात शिरलंच नाही.

"म्हंजी पोरांस्नी बी मीच चारलं?"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

त्या बसेनात. दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरांस्नी फोन लावा. तुमी इचारा, मी ऐकते."

तुमच्याकडे जेमतेम उजाडलं होतं. आजी अवेळी पोटाची चौकशी का करते, म्हणून तुम्ही दोघं हसलात, आम्ही ठणठणीत आहोत म्हणालात. माझ्या खांद्याशी शेवंताबाई उभ्या होत्या. त्यांनी खुणेनं मला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

इंजेक्शनांनी त्या बऱ्या झाल्या. दूध आता बांधापलीकडच्या खड्ड्यात जातं, वाफा मोकळाच आहे, असं त्यांची सून सांगते. बाजाराला त्या येतात, पण आमच्या गल्लीत वळत नाहीत. फोनवर पोरं आजीला खरं सांगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही याल तेव्हा आधी बावड्याला जाऊ. त्यांच्यासमोर नुसते उभे राहा.