झिनाइदा विमानातून उतरेना

माझी नणंद झिनाइदा पंधरा वर्षं इटलीत, बोलोन्याला म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. इकडे ओर्हेई शहराजवळच्या आमच्या गावातल्या निम्म्या बायका तिकडेच आहेत. सुरुवातीची सहा वर्षं कागदपत्रं नव्हती, म्हणून ती आलीच नाही. नंतर दर ईस्टरला यायची, पण गावच्या व्हॅननं, दोन रात्री बसल्या जागी काढून, पाय सुजवून. विमान म्हणजे मंत्र्यासंत्र्यांचं काम, असं तिलाही वाटायचं आणि आम्हालाही.

सासूबाई ऑगस्टमध्ये गेल्या, गुरुवारी. व्हॅन तिकडून रविवारी सुटायची. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे ऐन उन्हाळा, थांबायचं किती? शनिवारी आम्ही त्यांना पुरलं. झिनाइदा मंगळवारी पोचली तेव्हा थडग्यावरची फुलंही वाळली होती. ती मातीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "लांब आहे गं आई, इटली फार लांब आहे."

यंदा वसंतात इकडे तिची मुलगी कोरीना दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. झिनाइदा ज्या म्हातारीला सांभाळते, तिच्या मुलानं विमानाचं तिकीट काढलं आणि हिला विमानतळावर सोडलं. हिनं सवयीप्रमाणे दोन दिवसांची शिदोरी बरोबर घेतली होती.

पुढचं तिनंच सांगितलं. उकडलेलं अंडं सोलून होईस्तोवर विमान खाली यायला लागलं. टेकलं. लोक उतरले, ही बसूनच.

"मावशी, उतरायचं ना?" हवाईसुंदरीनं विचारलं.

"मला आपल्या राजधानीला जायचंय, किशिनाऊला. मधल्या थांब्यावर कशाला उतरू?"

"अहो, हेच किशिनाऊ."

"थट्टा करतेस होय म्हातारीची?"

मग तिनं खिडकीतून पाहिलं. समोरच्या इमारतीवर 'किशिनाऊ' लिहिलं होतं, आपल्याच भाषेत.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. माझा नवरा गाव्रील हसला. "काय ताई, वर घाबरलीस वाटतं?"

"गाव्रील, ही विमानं कधीपासून आहेत रे?"

"झाली की बरीच वर्षं."

"आई गेली तेव्हा होती?"

गाव्रील खिशात किल्ली चाचपू लागला. "असतील."

झिनाइदा गाड्यांच्या मधोमध बॅगेवरच बसली. "फक्त दोन तासांत पोचले? माझी म्हातारी दुपारी झोपते ना, तेवढा वेळ! आईला शेवटची आंघोळ मी घातली असती रे."

"ताई, आमच्या तरी कुठं डोक्यात आलं?" मी म्हटलं.

"माझ्या तरी कुठं आलं? कोरीना मोठी झाली अन् मी आपली व्हॅनमध्ये बसलेय!"

मागची गाडी भोंगा वाजवत होती. ती हलेना. शेवटी गाव्रीलनं दंडाला धरून उठवलं.

इस्पितळात कोरीना दचकलीच. "आई? मला वाटलं, तू उद्या-परवा पोचशील!"

"सकाळी निघाले बोलोन्याहून," झिनाइदा पुटपुटली. ते स्वतःलाच पटत नसल्यासारखा तिचा आवाज होता. मग तिनं बाळाला मांडीवर घेतलं.

आता ती दर महिन्याला येते. काल फोन आला. "वहिनी, शनिवारी जेवायला येतेय. सूप कोंबडीचं कर, अन् गाव्रीलला सांग, न्यायला वेळेवर ये म्हणावं."

गाव्रील कुरकुरला, पण गाडी धुवायला आजच काढलीय.