हार्ड डिस्कचे तुकडे आणि यवतमाळची गिऱ्हाइकं

यवतमाळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा वाटलं होतं, आपल्याकडे बिघडलेल्या मशीन येतील. येतात की! पण प्रत्येक मशीनसोबत तिचा मालकही येतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. मशीन दुरुस्त होऊन घरी जाते, मालक जे बोलून गेला ते दुकानातच राहतं. साचून साचून आता इतकं झालंय की गिऱ्हाईक नसलं की मी आणि सलीमभाई तेच उगाळत बसतो.

सलीमभाई माझे पार्टनर. ते हार्डवेअर बघतात, मी सॉफ्टवेअर. दुकान दोघांचं, पण आत येणारा माणूस त्यांच्याकडे बघून म्हणतो, "साहेब, मशीन स्लो झाली." आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "मॅडम, जरा पाणी द्या." मी पाणी देते. मग सलीमभाई म्हणतात, "मशीन तो मॅडम ही देखेंगे." पाणी त्याच्या घशात अडकतं! याला मी किस्सा म्हणत नाही, हे रोजचंच आहे.

तक्रार सगळ्यांची एकच, स्लो. आता जुनी हार्ड डिस्क स्लो व्हायचं एक साधं कारण असतं. फाईल ठेवायला सलग जागा मिळाली नाही की कॉम्प्युटर तिचे तुकडे करतो आणि जिथं जागा सापडेल तिथं एकेक टाकतो. मग ती फाईल उघडायची म्हटलं की डिस्कमधली वाचणारी सुई ते तुकडे गोळा करत इकडून तिकडे पळते. याला फ्रॅगमेंटेशन म्हणतात. तुकडे परत एका जागी लावले की झालं डीफ्रॅग. बस्स, एवढंच! हे एवढंच गिऱ्हाइकांना समजावण्यात माझं तारुण्य चाललंय.

*

दारव्ह्याकडचे एक किराणावाले काका आले. बिलाची मशीन इतकी स्लो की बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून साखर घेऊन येत असे.

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सलीमभाईंना विचारलं, "काय म्हणून राह्यल्या त्या?"

सलीमभाईंनी एसटी काढली. "काका, समजा एक फॅमिली एसटीत चढली. पण सीटा एका जागी नाहीत. बाई पुढं, माणूस मागं, पोट्टे मधात. आता कंडक्टरले त्यायचं तिकीट फाडाचं तं अख्ख्या गाडीत फिरा लागन का नाही?"

"लागन."

"म्हणून टाइम लागते. आता मॅडम काय करतात, त्या फॅमिलीले एका जाग्यावर बसवतात."

काकांचा चेहरा उजळला. "हे तं सोपं हाय! पण ज्याची सीट घ्यान, थो भांडन ना?"

"त्याले उचलून दुसरीकडे बसवाचं. म्हणून थोड्याशा सीटा खाली लागतात. तुमची गाडी फुल हाय, काका. तुम्ही आधी थोडा माल काढा. हे पिक्चर, गाणे, सगळे फुकटे प्रवासी हायेत."

काकांनी बराच विचार केला. पिक्चर त्यांना काढायचे नव्हते. मग एकदम म्हणाले, "मंग त्यायले टपावर बसवा ना!"

*

एका सरकारी ऑफिसात आम्ही मशीनच्या देखभालीला जायचो. कोणतं ते विचारू नका, सगळीच तशी आहेत. तिथल्या मोठ्या बाबूंच्या मशीनवर मी डीफ्रॅगचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी दिसतात. तुकडे झालेल्या फाईली लाल, नीट लागलेल्या निळ्या. काम सुरू झालं की लाल चौकटी हळूहळू निळ्या होत जातात. बघायला खरंच छान वाटतं.

बाबूंना इतकं छान वाटलं की ते दिवसभर तेच बघायला लागले. कोणी आलं की पडद्याकडे बोट, "दिसते ना? काम चालू हाय."

त्यात खोटं काही नव्हतं. त्या ऑफिसात फाईल प्रत्यक्ष पुढे सरकताना लोकांनी पहिल्यांदाच पाहिली!

बोरी अरबचे एक शेतकरी सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला येत असत. त्यांनी विचारलं, "साहेब, माही फाईल कुठं हाय यात?"

बाबूंनी एका लाल चौकटीवर बोट ठेवलं. "हे पाहा. लाल हाय अजून."

तो माणूस बिचारा चौकट नीट बघून गेला. पुढच्या वेळी मी तिथं असतानाच आला. बाबूंना नमस्कार केला आणि थेट त्यांच्या खुर्चीमागे, पडद्यासमोर येऊन उभा राहिला. बाबू म्हणाले, "काय पाहता?"

"साहेब, माही तं निळी झाली! आता सही करा."

बाबूंनी माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरकडे बघितलं. सही झाली!

*

आता एसएसडी नावाच्या नवीन डिस्क आल्या. त्यांच्यात फिरणारी तबकडी नाही, पळणारी सुई नाही. तुकडा कुठंही असो, सापडायला सारखाच वेळ. म्हणून त्यांना डीफ्रॅग करायचं नसतं. उगाच लिहून लिहून त्या लवकर झिजतात.

हे मी एका कोचिंग क्लासच्या सरांना एसएसडी बसवून देताना सांगितलं. सर म्हणजे मोटिव्हेशनल माणूस. क्लासच्या भिंतीवर "थांबला तो संपला" टाइपचे बोर्ड, आणि त्या बोर्डांखाली फॅन थांबलेला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन कुठला तरी व्हिडिओ पाहिला. मग जुनं एक सॉफ्टवेअर शोधून रोज सकाळी अगरबत्ती लावल्यावर डीफ्रॅग. संध्याकाळी क्लास सुटला की परत डीफ्रॅग!

व्हायचं तेच झालं. एसएसडी वेळेआधीच गेली. सर दुकानात आले, तावातावानं.

मी म्हटलं, "सर, सांगितलं होतं ना, हिच्यात काहीच फिरत नाही, हिला पळवायचं नसतं."

"तेच तं म्हणून राह्यलो मी, मॅडम! मले डॉक्टरनं सांगतलं, जो माणूस नुसता बसून राहते, थो लवकर जाते!"

*

मारेगावचे एक वार्ताहर आहेत. त्यांच्या डिस्कमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, त्यामुळे डीफ्रॅग सुरूच होईना. मी म्हटलं, "भाऊ, थोडं काहीतरी उडवा."

उघडून बघितलं तर "शुभ सकाळ"चे फोटो. गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू, कोपऱ्यात नेत्याचा हसरा चेहरा. खाली स्क्रोल करावं तितका नेता हसतोय.

सलीमभाई म्हणाले, "भाऊ, हे सगळे उडवू का?"

"हात नका लावू! भाऊसाहेबांनी स्वतः पाठवले हायेत. कधी विचारलं तं?"

"मंग काय उडवू?"

त्यांनी शांतपणे दुसरं फोल्डर दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या बातम्या, त्यांनी स्वतः गावोगाव फिरून काढलेले फोटो. हंड्यांची रांग, फुटलेली पाइपलाइन, खड्ड्यात अडकलेली एसटी.

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "अहो भाऊ, ही तुमची मेहनत आहे."

"उडवा हो मॅडम," ते म्हणाले. "उन्हाळ्यात सगळं परत तसंच भेटते."

*

आमच्या कॉलनीत एक निवृत्त मराठीचे प्राध्यापक राहतात. ते आत्मचरित्र लिहितात. रोज थोडं लिहितात, काकूंना वाचून दाखवतात, थोडं खोडतात, परत लिहितात. अशी फाईल वाढत जाते आणि डिस्कवर तिचे भरपूर तुकडे होतात. मी घरी जाऊन तपासलं आणि सहज बोलून गेले, "सर, तुमच्या आत्मचरित्राचे फार तुकडे झालेत."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे? माझ्या लेखनात सलगता नाही, असं म्हणायचं आहे का तुम्हाला?"

"नाही सर, मी डिस्कबद्दल..."

"पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत एकच सूत्र आहे त्यात. एकच! तुम्ही वाचलंय का?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "तिनं नाही वाचलं, पण मी वाचलं. बरोबर बोलून राह्यली थे पोरगी."

डीफ्रॅग केलं. फाईल झटकन उघडायला लागली. सर खूश. काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पहिले उघडाले टाइम लागे, तं तेवढा वेळ तरी घरात शांतता राहे."

*

आता शेवटचा. हा सांगताना सलीमभाई अजूनही खुर्ची सोडून उभे राहतात.

लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक फोटोग्राफर आमच्या ओळखीचा. लग्नसराईत त्यानं एकाच दिवशी दोन लग्नं घेतली. मारेगावच्या वानखडेकाकांच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न त्यानं स्वतः केलं, आणि यवतमाळातल्या एका मोठ्या लग्नाला भावाला पाठवलं. परत आल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं एकाच वेळी एकाच डिस्कवर कॉपीला लावली. एकाच वेळी दोन फाईली लिहायच्या म्हटल्यावर डिस्कनं काय केलं? एक तुकडा या लग्नाचा, एक त्या लग्नाचा, असं शेजारी शेजारी लिहीत गेली. तिला काय, लग्न ते लग्न!

एवढंही चाललं असतं. कोणता तुकडा कोणाचा याची नोंद डिस्कजवळ असतेच. पण या पठ्ठ्यानं कार्डं रिकामी केली आणि नंतर चुकून ती डिस्कच फॉरमॅट केली. नोंद गेली. नुसते तुकडे उरले.

तो डिस्क घेऊन आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोरीचं लग्न परत तर लावता येत नाही! आम्ही कामाला लागलो. अशा वेळी सॉफ्टवेअर अंदाजानं तुकडे जोडतं. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, त्यामुळे जोड बसत गेले आणि एक लांबलचक व्हिडिओ तयार झाला. मी सुरुवात तपासली. फोटोग्राफरनं सांगितली होती तीच पांढरी साडी, निळा काठ, प्रज्ञाच! मी फोटोग्राफरला फोन केला, "मिळालं. त्यांना बोलाव."

चूक एवढीच की पुढचं तपासलं नाही.

दुसऱ्याच दिवशी वानखडेकाका, प्रज्ञा आणि तिची कमलआत्या आली. आत्या आल्या आल्या खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. "माह्या नशिबात लग्न नव्हतं पाहणं, आता व्हिडिओ तरी पाह्यतो."

काकांनी मला खुलासा केला. प्रज्ञाची आई लवकर गेली, पोरीला या बहिणीनंच वाढवलं. आणि नेमकं लग्नाच्या दिवशी तिचं बीपी वाढलं. "डॉक्टरनं उठूच देल्लं नाही तिले. पोरगी स्टेजवर चढाले तयार नव्हती. आत्या येऊ द्या, मंगच चढतो म्हणे. सगळं लग्न थांबलं होतं."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती.

मी व्हिडिओ लावला. बुद्धवंदना सुरू. सगळे हात जोडून शांत उभे. प्रज्ञा मात्र दरवाजाकडे बघतेय. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, ती परत दरवाजाकडे बघतेय.

आणि एकदम ढण्ण! डीजे! लाल-हिरवे लाइट, घोड्यावर भलताच नवरदेव, आणि वरातीच्या मधोमध मोरपंखी साडीत, पदर कमरेला खोचून, दोन्ही हात वर करून कमलआत्या!

साधंसुधं नाचणं नव्हतं ते. बाकीच्या बायका मागे सरकून तिला जागा देत होत्या.

सलीमभाई पडद्याकडे पाठ करून एक स्क्रू शोधायला लागले, जो हरवलाच नव्हता.

आत्या पहिली सावरली. माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, मशीन खराब हाय तुमची. कोणाचं मुंडकं कोणाच्या धडाले लावून राह्यली थे."

काका पडद्याच्या अगदी जवळ गेले. "ताई, हे तं तुह्या पोराच्या, राजूच्या साहेबाच्या घरचं लग्न होय. राजूच्या बदलीचं चालू होतं तवा." मग थांबून हळूच म्हणाले, "त्याच दिवशी होतं काय हे? अन् तुह्या बीपीचं काय?"

"नाचल्यानंच तं वाढलं ना मंग!" आत्या म्हणाली.

पडद्यावर परत तुकडा बदलला. पुन्हा वंदना, पुन्हा तो शांत हॉल, आणि दरवाजाकडे बघणारी प्रज्ञा.

आत्यानं मान खाली घातली. काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात भिंतीला टेकलेली प्रज्ञा पुढं आली. आत्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाली,

"मॅडम, थोडं मागं घ्या ना. आत्या येते, तिथून लावा."