बोटीनं जायचा बेत

फ्रेमवाल्या ताईंच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी काउंटरमागच्या भिंतीकडे बघायचं आणि मग आपलं काम सांगायचं. भिंतीवर इटलीचा समुद्रकिनारा होता. उभा कडा, त्याला बिलगून एकावर एक चढलेली गुलाबी-पिवळी घरं, खाली निळंशार पाणी आणि पाण्यात एक पांढरी बोट. कुणीतरी हौसेनं हा मोठा फोटो फ्रेम करायला टाकला आणि न्यायला काही परत फिरकलाच नाही. बरीच वाट बघून ताईंनी तो टांगला. मालक आला तर उतरवून देऊ, असं म्हणायच्या खऱ्या, पण त्यानं येऊ नये अशीच मनातून इच्छा. कारण तोवर धाकटीनं त्या फोटोत मुक्काम ठोकला होता.

धाकटी म्हणजे ताईंची पाठची बहीण. दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दुपारी दवाखाना बंद झाला की ती दुकानात येऊन स्टुलावर बसायची, आणि ताईंची काच कापायची हिरकणी करकरत असताना दोघी इटलीला निघायच्या. कुठल्या महिन्यात जायचं, कुठल्या गावी उतरायचं, लिंबाच्या बागांतल्या त्या पायऱ्या आपल्या गुडघ्यांना झेपतील का. सकाळी खिडकीतून पाणी दिसायलाच हवं की नुसता आवाज आला तरी चालेल, यावरून तर एकदा दोन दिवस अबोला होता. धाकटीचे यजमान तिला न्यायला आले की दारातूनच सुनवायचे, "बाजारात तुरी! चला, उतरा आता इटलीतून, पोटात कावळे ओरडतायत." पुढच्या वर्षी नक्की जाऊ, हेही त्यांचं ठरलेलं. धाकटी पर्स उचलत ताईंना म्हणायची, "ह्यांचं पुढचं वर्ष दरवर्षी पुढेच असतं बघ."

बेत सगळा बोटीचा होता. कड्याच्या अंगानं रस्ता जातो, त्यावरून बस धावते, हे दोघींना ठाऊक होतं. पण धाकटीला गाडी लागायची. साधी दोन वळणं झाली की चेहरा पांढराफटक, तोंडाला रुमाल. बोटीत मात्र राणीसारखी बसायची. म्हणून मग सगळं बोटीच्या तालावर. बोटी उन्हाळ्यातच सुटतात, म्हणून महिना उन्हाळ्यातला. धक्क्यापासून चढ नको, म्हणून खोली अगदी पाण्याशी. आज हे गाव, उद्या ते, आणि शेवटी सगळ्यात लहान गावात दोन दिवस काहीच न करता बसायचं.

पुढचं वर्ष आलं, पण धाकटी राहिली नाही. साधा म्हणून अंगावर काढलेला ताप डोक्यात गेला, आणि आठवडा उलटायच्या आत सगळं आटोपलं.

पुढे मेहुण्यांनी दुसरं लग्न केलं. एकट्यानं जन्म निघत नाही, असं त्यांना ताईंनीच सांगितलं होतं. तोंडानं सांगितलं होतं. मनाला विचारलं नव्हतं.

अशाच एका दुपारी मेहुणे नव्या बायकोला घेऊन दुकानात आले. मुलगी शांत, जरा बुजरी. मेहुण्यांनी इकडचं तिकडचं विचारलं, चहाला नको म्हटलं, आणि एका दमात सांगून टाकलं, की इटलीला निघालोय. त्याच किनाऱ्यावर. भिंतीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"तिच्या वेळी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत बसलो, ताई. आता तसं नाही करायचं. तुम्हाला सगळं पाठ आहे. तुम्ही सांगाल तसं जाऊ."

ताईंनी हिरकणी खाली ठेवली. बहिणीचा समुद्र उचलून दुसरीच्या ओटीत घालायचा? नाही आठवत म्हणावं, विषय संपला. खरं-खोटं करायला कोण येणार होतं? शब्द ओठांवर आलेही. पण लगेच दुसरा विचार आला. ही दोघं त्याच बोटीत बसली, त्याच धक्क्यावर उतरली, पाण्याशी असलेल्या खोलीत झोपली, तर निदान तो प्रवास तरी होईल. धाकटीचं बघायचं राहिलेलं कुणाच्या तरी डोळ्यांनी बघून होईल.

"बसा," त्या म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या. पहिली बोट कुठून घ्यायची, डेकवर कुठे उभं राहिलं की घरं एकेक करून उलगडत येतात, सगळं. इतक्या दिवसांनी तोंडात त्या गावांची नावं आली आणि त्यांचा आवाज चढला, हात हलायला लागले.

नव्या बायकोनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "ताई, बोटीनंच जावं लागतं का?"

लहानपणी ती बुडता बुडता वाचली होती. तेव्हापासून पाण्यात पाऊल टाकत नव्हती.

"अगं, मग बोलायचं नाहीस का?" मेहुणे म्हणाले.

"तुम्ही किनारा म्हणालात. किनाऱ्याला नाही घाबरत मी."

"रस्ता आहे," ताई म्हणाल्या. "बस जाते." पण म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं, की बोट गेली की धक्का गेला, धक्का गेला की ती खोली गेली, उन्हाळाही गेला. विणीतला एक टाका सुटावा आणि सबंध बाही हातात यावी, तसं झालं. सगळं धाकटीच्या मापाचं होतं. दुसऱ्या कुणाला ते बसणार नव्हतं.

मेहुण्यांना मात्र हायसं वाटलं. "मग बसनंच जाऊ की! सोपं काम. तुम्ही दोघींनी तेव्हा बोटीचं खूळ का घेतलं होतं, काय माहीत. चांगला रस्ता असताना..."

ते मध्येच थांबले.

"तिला गाडी लागायची," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. मग स्टुलावर बसले. "लागायची, ताई. मी विसरलो." आणि तोंड ओंजळीत धरून रडायला लागले.

हा माणूस एक दिवस असा रडेल आणि आपण उभं राहून बघू, असं ताईंनी मनात कितीदा रंगवलं होतं. आता तो दिवस आला होता आणि त्याला काही चव नव्हती. त्यांची नजर नवीकडे गेली. पर्स छातीशी धरून ती उभी होती. नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हेही तिला कळत नव्हतं. परक्याच्या घरात चुकून शिरलेल्या पोरीसारखा चेहरा. हिचा गुन्हा काय, तर पाण्याला भिते.

"इकडे ये," ताई म्हणाल्या. इतका वेळ त्या तिला अहो-जाहो करत होत्या. तिचा दंड धरून त्यांनी तिला भिंतीकडे वळवलं, म्हणजे तिची पाठ नवऱ्याकडे होईल. कड्याच्या मधोमध एक बारीक रेघ होती. त्या रेघेकडे दोघी बहिणींनी कधी धड पाहिलं नव्हतं.

"हा बघ रस्ता. वळणं खूप आहेत. तुला गाडी नाही ना लागत?"

"नाही."

"मग झालं तर. जाताना उजव्या बाजूला बसायचं. समुद्र उजवीकडे."

"मी आतल्या बाजूला बसेन. ह्यांना खिडकी देईन."

"दे," ताई म्हणाल्या.

मग त्या सांगत गेल्या. पाण्याजवळ कशाला, वरच्या अंगाच्या गावात राहा, तिथून समुद्र लांबून दिसतो, अंगावर येत नाही. गर्दी ओसरल्यावर जा, बस रिकाम्या असतील. आधी कधी न ठरवलेलं सगळं त्या उभ्या उभ्या ठरवत होत्या, या मुलीच्या मापानं. मागे नाक ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ताई बोलल्या. थांबल्यावरही बोलतच राहिल्या, कारण आपण गप्प झालो की आता आपली पाळी, हे त्यांना कळून चुकलं होतं.