जोडे न काढणारा वायरमन

सावरखेडच्या उकंडाचं नाव आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नव्हतं. आधीची तीन लेकरं गेली, म्हणून चौथं जन्मताच उकिरड्यावर लोळवून आणलं. यमाला किळस येईल आणि तो पुढच्या घरी जाईल, असा त्यांचा विचार. यमानं खरंच नाक मुरडलं. उकंडा जगला, आणि असा जगला की पुढं गावातल्या बऱ्याच जणांना वाटलं, यमानं थोडी मेहनत घ्यायला हरकत नव्हती.

छप्पन सालापर्यंत मात्र त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मेलेलं ढोर ओढायचं, पाटलाचा सांगावा बाभुळगावला पोचवायचा, पाटील दिसला की वाकून जोहार घालायचा, आणि पाटलाच्या घरासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्यायच्या. ही शेवटची गोष्ट कुणी काम म्हणून सांगितलेली नव्हती, पण सगळ्या कामांपेक्षा ती पक्की होती. पाटलाच्या दारचा कडुनिंब दिसला की उकंडाच्या पायातल्या वहाणा आपोआप निघत. मनाला कळायच्या आत पायांना कळत असे.

त्या वर्षी दसऱ्याला तो आणि त्याची बायको कौसल्या पांढरे कपडे घालून नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन परत आले. आठ दिवसांनी पाटलाचा बैल मेला. निरोप आला. उकंडानं सांगितलं, "आता मी ढोर ओढत नाही." एवढंच बोलला. दुसऱ्या दिवसापासून त्याला गावात कुणी कामाला बोलावलं नाही, आणि गिरणीत कौसल्याचं दळण तसंच पडून राहू लागलं. महिनाभर दोघांनी कण्या शिजवून खाल्ल्या. मग उकंडानं यवतमाळची वाट धरली. वय पस्तीस.

यवतमाळला एका जिनिंगमध्ये तो हमाल म्हणून लागला. कापसाच्या गाठी पाठीवर घ्यायच्या आणि छापलेले आकडे वाचून थप्पीला लावायच्या. आकडे तो त्या गाठींवरच शिकला, अक्षरं नंतर. त्याच सुमारास जिनिंगचं जुनं इंजिन काढून मालकानं विजेच्या मोटारी बसवल्या, आणि त्या सांभाळायला श्रावण मिस्त्री आला. श्रावण मिस्त्री म्हणजे तेलघाण्याच्या घरातला, किडकिडा, तोंडाचा फाटका माणूस. त्याच्या हाताखाली आधी लागलेले तिघं शिव्या ऐकून पळून गेले होते. चौथा उकंडा समोर जाऊन उभा राहिला.

"मले शिकवा," तो म्हणाला.

मिस्त्रीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "केस पिकाले लागले तुहे. आता काय शिकतं तू?"

"तारेले केस दिसते काय, मिस्त्री?"

मिस्त्रीला हसू आलं असावं, कारण त्यानं नेहमीपेक्षा दोन शिव्या कमी दिल्या. उकंडाला त्यानं ठेवून घेतलं. बाकीचे हमाल मात्र पोट धरधरून हसले. बाप्यामाणसानं पोरासारखं स्टूल धरून उभं राहायचं, पक्कड दे म्हटलं की पक्कड द्यायची, चुकलं की टपली खायची, हे त्यांना मोठं गमतीचं वाटलं. उकंडानं स्टूल धरलं. दोन वर्षं धरलं. आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणसाच्या टपल्या त्यानं खाल्ल्या आणि रोज एक गोष्ट तरी पदरात पाडून घेतली.

मग ती गोष्ट घडली. एका दुपारी तो मोटारीच्या स्विचपाशी, डाव्या हातात तपासणीच्या दिव्याची तार धरून उभा होता. मिस्त्रीनं त्याला जुन्या टायरच्या तळाचे जोडे घालायला लावले होते. तेवढ्यात जिनिंगचे मॅनेजर दारातून आत आले. झकपक कोट, मागे दोन माणसं. उकंडाची नजर वर गेली आणि पाय आपोआप जोड्यांतून बाहेर आले. तो वाकला, जोडे हातात घ्यायला. पाय ओल्या फरशीवर, हातात जिवंत तार. पुढं काय झालं ते त्याला आठवत नाही. शुद्धीवर आला तेव्हा तो पाच हातांवर सरकीच्या ढिगात पडला होता आणि मिस्त्री त्याच्या छाताडावर बसून छाती चोळत होता.

उकंडानं डोळे उघडले तसा मिस्त्री त्याच्या अंगावर ओरडला नाही. तो हळू आवाजात बोलला, आणि त्याचीच उकंडाला जास्त भीती वाटली.

"जोडे कोनासाठी काढले तू?"

उकंडानं फरशीवर राहिलेल्या जोड्यांकडं पाहिलं.

"करंट पाटील पाह्यत नाही अन् मॅनेजरही पाह्यत नाही. तुह्या पायाखाली रबर हाय का नाही, एवढंच पाह्यते. ज्या दिवशी तू कोनापुढं जोडे काढून तारेले हात लावशीन, त्या दिवशी तू मेला. मीनं तुले शिकवलं हे मंग कोनाले सांगू नको."

मेलेला माणूस कुणाला काय सांगणार, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं नाही. उकंडाच्या आलं, पण तो हसला नाही. त्यानं हाताची जळलेली कातडी पाहिली. पाटलाच्या कडुनिंबानं आपल्याला इथं, यवतमाळपर्यंत येऊन धरलं, आणि थोडं इकडंतिकडं झालं असतं तर मारलंही असतं, याचा त्याला भयंकर संताप आला. त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं. काम करताना जोडे काढायचे नाहीत. मॅनेजर येवो, पाटील येवो, देव येवो.

वायरमनच्या परीक्षेत तो पहिल्यांदा नापास झाला. तोंडी परीक्षेत साहेबांनी प्रश्न विचारले आणि हा खाली मान घालून उभा. सगळी उत्तरं येत होती, पण साहेबाच्या तोंडाकडं पाहून बोलायची सवय नव्हती. दुसऱ्या वर्षी तो साहेबाच्या डोळ्यांत बघून इतका मोठ्यानं बोलला की साहेबानं कानावर हात ठेवला आणि पास केलं. एकसष्ट साल होतं ते. चाळिशीचा उकंडा परवान्याचा कागद घेऊन बाभुळगावला आला, एका ठेकेदाराकडं लागला आणि सायकलवरून सावरखेडला परत राहायला गेला. रबरी तळाचे कॅनव्हासचे जोडे घालून तो पाटलाच्या घरावरून गेला तेव्हा ओट्यावरच्या माणसांची बोलणी थांबली. पायांनी एकदा कुरकुर केली. त्यानं पायडल मारलं.

सावरखेडला चौसष्ट साली वीज आली. झिंगूजी पाटलांनी पहिलं कनेक्शन घेतलं आणि घराची वायरिंग करायला बाहेरगावचा माणूस आणला. परवानावाला वायरमन गावातच बसलेला, पण त्याला माजघरात कोण येऊ देणार? पाटलांना घाई होती. वैशाखात मुलीचं, हंसाचं, लग्न होतं, आणि विजेच्या दिव्यांखाली लागणारं पंचक्रोशीतलं हे पहिलंच लग्न, असं ते सहा महिने सांगत फिरत होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी बायकांनी माजघर सारवलं. जमीन ओली असतानाच पाटलांचा धाकटा भाऊ दिवे लागतात का ते पाहायला मेन स्विचकडं गेला. लोखंडी पेटीला हात लागला मात्र, तो उडून ताटांच्या चळतीवर पडला. जीव वाचला, उजवा हात मात्र संध्याकाळपर्यंत उचलला जात नव्हता. घरात हाहाकार झाला. वायरिंगवाला वर्ध्याला गेलेला. बाभुळगावला माणूस पिटाळला, तिथून उत्तर आलं, लाइनमन उद्या येईल. आणि नवरदेवाची वरात दिवस मावळायला येणार होती.

दुपारी पाटलांचा गडी उकंडाच्या घरासमोर लांब उभा राहून ओरडला, "उकंड्या, पाटलानं बलावलं तुले."

कौसल्या पदर खोचून बाहेर आली. "उकंड्या कोन? इथं उकंडाजी वायरमन राह्यते. त्याईले काम असन तर नीट सांग."

गड्यानं दोन-तीनदा इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "उकंडाजीले बलावलं."

उकंडानं पिशवी उचलली. कौसल्या त्याला दारापर्यंत पोचवायला आली आणि तिनं फक्त त्याच्या पायांकडं बघितलं. तिला माहीत होतं, आज हे जोडे त्या उंबऱ्याशी निघाले तर ती आठ वर्षं, त्या कण्या, त्या टपल्या, सगळं त्या उंबऱ्यावरच राहील.

पाटील ओट्यावर उभे होते. "जयभीम," उकंडा म्हणाला. पाटलांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"जोडे काढ अन् आत ये. मेन माजघरात हाय."

"जोडे काढून मी पेटीले हात लावत नाही."

"अरे, आमी सोता आमच्या घरात जोडे घालत नाही."

"तुमी तार धरत नाही, पाटील. धरत असान तर सांगा, मी जोडे काढून इथं बाहेर बसतो."

ओट्यावरची माणसं चुळबुळली. कुणीतरी सुचवलं, खांबावरूनच तार काट म्हणावं. उकंडा म्हणाला, "खांबावर चढाचा हक लाइनमनचा हाय. माह्या कागदात तो नाही." मग तो कडुनिंबाखाली पिशवी ठेवून उभा राहिला. त्याला घाई नव्हती. घाई पाटलांना होती. माजघरात ती पेटी भरलेल्या बंदुकीसारखी भिंतीवर बसली होती आणि घरभर पाव्हण्यांची लहान लेकरं पळत होती.

शेवटी आतून कुणाचं तरी लेकरू माजघराकडं धावलं आणि एका बाईची किंकाळी आली. लेकराला काही झालं नव्हतं, पण पाटलांचा चेहरा पांढरा पडला. "ये," ते म्हणाले. "तसाच ये."

उकंडा जोड्यांसकट उंबरा ओलांडून आत गेला. माजघराच्या ताज्या सारवणावर त्याच्या धुळीनं माखलेल्या रबरी तळांचे ठसे एकामागून एक उठत गेले. पाटलांची बायको मथुराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते मोजल्यासारखी पाहत होती. त्यानं वाळक्या वेळूच्या काठीनं स्विचचा दांडा खाली पाडला, पेटी उघडली. तार पेटीच्या काठाला घासून उघडी पडलेली, आणि अर्थिंगची तार कशालाच न जोडता मागं नुसती खोचून दिलेली. उकंडानं दात आवळले. शिव्या त्याला मिस्त्रीच्या येत होत्या, पण लग्नाचं घर होतं. तार नीट गुंडाळली, अर्थिंग बाहेर जमिनीत पुरलेल्या नळीला पक्कं जोडलं, स्विच वर केला, तपासणीचा दिवा लावून पेटी पाहिली. माजघर उजळलं. बायका हरखल्या.

तो वळला तर मागं मथुराबाई शेणाची बादली घेऊन बसलेली. त्याचे ठसे ती एकेक करून सारवत होती.

उकंडानं हात वर नेला आणि स्विच पाडला. दिवे गेले.

"ओल्या जमिनीवर मी लाइन ठेवत नाही," तो म्हणाला. "नवं काम हाय, अर्धा घंटा चालू ठेवून तपासा लागते. जमीन वाळली का बोलवा."

वैशाखाचं ऊन. जमीन वाळायला वेळ लागला नाही. गडी कडुनिंबाखाली बोलवायला आला, या वेळी आपणहून उकंडाजी म्हणाला. उकंडा आत गेला, जोड्यांसकट, स्विच वर केला. मथुराबाईनं पुन्हा बादली ओढली. ओलं फडकं जमिनीला टेकलं तसा स्विच पुन्हा खाली आला.

आता खरं सांगायचं तर पेटी दुरुस्त झाल्यावर ओल्या जमिनीची तेवढी भीती उरली नव्हती. मिस्त्रीचा नियम कुठं संपला आणि उकंडाचा हट्ट कुठं सुरू झाला, हे त्यानं पुढं कधीही कुणाला सांगितलं नाही. मला विचाराल तर नियमापेक्षा हट्टच जास्त होता, आणि तो असायलाच पाहिजे होता.

तिसऱ्यांदा तो आत गेला तेव्हा ऊन उतरलं होतं. वेशीपलीकडून वरातीचा बाजा ऐकू येऊ लागला होता. त्यानं स्विच वर केला आणि तिथंच, माजघराच्या मधोमध, उभा राहिला. मथुराबाईनं फडकं भिजवलं. सगळं घर तिच्या हाताकडं पाहत होतं.

"राहू दे," पाटील म्हणाले.

"अन् हे ठसे?"

पाटील उकंडाकडं न बघता, जमिनीकडं बघत म्हणाले, "राहू दे ठसे."

मथुराबाईनं फडकं बादलीत टाकलं आणि बादली उचलून परसात नेली. उकंडा सांगितल्याप्रमाणे अर्धा तास उभा राहिला. पाव्हण्या त्याच्या बाजूनं, त्याच्या ठशांवरून ये-जा करत राहिल्या. त्यानं पेटीला पुन्हा एकदा दिवा लावून पाहिला, पिशवी बांधली आणि पुढच्या दारानं बाहेर पडला. तो कडुनिंबाखालून गेला. त्याला रडायला येत होतं आणि रागही येत होता, की एवढ्याशा गोष्टीला चाळीस वर्षं लागली.

कौसल्या दारातच बसली होती.

"काढले काय?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला. "मंग आता काढा, अन् जेवाले बसा."

उकंडा आपल्या उंबऱ्यावर टेकला, आणि त्यानं सावकाश, एकेक करून, जोडे काढले.